"सर, रिटर्न तिकीट?" – एकेरी तिकिटावर परदेशी जाणाऱ्यांसाठी (आणि एक तातडीचा प्रश्न)

वेताळटेकडी | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, आधी किस्सा सांगतो, मग प्रश्न. प्रश्नाची घाई आहे, कारण मामेबहीण पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला निघतेय.

मार्च २०२५. नोकरी सोडून दोन महिने झाले होते. सात वर्षं रोज वाकड पुलाखाली अडकून काढल्यावर मनाशी ठरवलं होतं की या वेळी तारखा ठरवून फिरायचं नाही. लोहगावहून बँकॉक, तिथून रात्रीच्या ट्रेनने वर नोंग खाय, मेकाँगवरचा मैत्री पूल ओलांडून लाओस, पुढे जमेल तसं. थायलंडला तेव्हा आपल्याला साठ दिवस व्हिसाच लागत नव्हता. त्यामुळे पुणे–बँकॉक एकेरी तिकीट काढलं आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो.

काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट उघडला, काहीतरी टाइप केलं आणि मान वर न करता म्हणाली, "सर, रिटर्न तिकीट?" म्हटलं रिटर्न नाही, मी पुढे लाओसला जाणार, जमिनीवरून. "मग त्याचं तिकीट?" म्हटलं, ते तिकडे स्टेशनवर मिळतं. तेव्हा तिने पहिल्यांदा वर पाहिलं. "सर, जरा बाजूला थांबता का?"

माझी सॅक वजनकाट्याच्या पट्ट्यावर तशीच. लाल आकडे चमकतायत, १३.४. मागे चिंचवडचा एक टूरचा ग्रुप, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या पिवळ्या टोप्या. त्यातल्या एका काकांनी बायकोला सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं: "कागदपत्रात काहीतरी लफडं दिसतंय."

सुपरवायझर आला. माणूस सभ्य होता. त्याने स्क्रीनच माझ्याकडे वळवली. परतीचं किंवा पुढचं तिकीट नसेल तर प्रवेश नाकारला जाऊ शकतो, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. म्हणाला, "हा आमचा नियम नाही सर, त्या देशाचा आहे. पण तुम्हाला तिथून परत पाठवलं तर आणायचं आम्हाला." काउंटर बंद व्हायला पस्तीस मिनिटं होती.

उभ्या उभ्या फोनवर बँकॉक–क्वालालंपूर शोधलं, ४,८०० रुपये, सगळ्यात स्वस्त. कार्ड टाकलं. ओटीपी येईना. मग आठवलं की हे खातं बाबांबरोबर जॉइंट आहे आणि नंबर त्यांचा आहे. बाबा मला सोडून पार्किंगकडे निघालेले. फोन लावला. "सहा... तीन... थांब, चष्मा गाडीत राहिला." पहिला ओटीपी चष्मा सापडेपर्यंत संपला. दुसरा त्यांनी वाचला तो बरोबर उलटा, शेवटून. तिसऱ्याला तिकीट निघालं. मुलीने पीएनआर तपासला, सॅकला टॅग लावला आणि इतकं सहज हसली की जणू काही झालंच नाही.

बँकॉकला इमिग्रेशनवाल्याने एक अक्षर विचारलं नाही. शिक्का मारला, पुढचा. ते क्वालालंपूरचं विमान माझ्याविना गेलं.

आता प्रश्न. मामेबहीण (वय २९, एकटी) मुंबईहून क्वालालंपूरमार्गे मनिला, एकेरी. मग सेबू, बोहोल, मग व्हिएतनाम. हो ची मिन्ह सिटीहून मुंबईचं परतीचं तिकीट तिने काढून ठेवलंय. मधलं मनिला–हनोई काढलेलं नाही, "तिकडे गेल्यावर बघू" म्हणते. तिचं म्हणणं, भारतात परत येतेय हे दिसतंय ना, मग झालं. मला काही हे पटत नाही. ती मात्र ऐकत नाही, कारण लहानपणी मी तिला पर्वतीच्या पायऱ्या चुकीच्या मोजून दाखवल्या होत्या.

पेठेतला_पोपट | सोमवार, रात्री १०:५८

नोकरी सोडून मुक्त भटकंतीला निघालेला तरुण. ओटीपी बाबांकडे. 😂

काउंटरच्या_पलीकडून | सोमवार, रात्री ११:३५

अकरा वर्षं मी त्या काउंटरच्या पलीकडे उभी होते (कंपनीचं नाव विचारू नका, आणि आता तिथे नाही). त्यामुळे त्या मुलीची बाजू मांडते.

तिने जे टाइप केलं त्याला टिमॅटिक म्हणतात. आयाटाचा, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा, डेटाबेस आहे. प्रवाशाचं नागरिकत्व, कुठून निघाला, कुठे चाललाय, मध्ये कुठे थांबतोय, पासपोर्ट कधी संपतो, हे टाकलं की कोणते कागद लागतील ते येतं. जगभरच्या बहुतेक विमान कंपन्या हाच वापरतात. आम्ही त्या स्क्रीनबाहेर जाऊन 'माणूस चांगला वाटतोय, सोडा' असं करू शकत नाही. केलं आणि तिकडून प्रवासी परत आला, की ड्युटीवर कोण होतं हे नावानिशी काढतात.

परत पाठवलेल्या प्रवाशाला आमच्या भाषेत इनॅड म्हणतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टात लिहिलंय की प्रवेश नाकारलेल्या माणसाला परत न्यायची जबाबदारी त्याला आणणाऱ्या कंपनीची. वर दंड वेगळा. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशात कागदाविना आणलेल्या प्रवाशामागे तीन ते पाच हजार युरोच्या घरातला दंड आहे. आपल्याकडेही २००० सालच्या कायद्यात माणशी एक लाख रुपये होता. आता सांगा, तुमच्या ४,८०० साठी तिने एक लाखाची जोखीम का घ्यावी?

म्हणून लोक जे म्हणतात ना, 'अहो, तिकडे इमिग्रेशनला कुणी विचारतच नाही', ते खरं असलं तरी उपयोगाचं नाही. तिकडच्या अधिकाऱ्याने विचारू नये म्हणूनच तर इकडे आम्ही विचारतो. तुमची खरी परीक्षा लोहगावला किंवा सहारला होते, बँकॉकला नाही.

बहिणीबद्दल: फिलिपिन्सला चालणार नाही. व्हिएतनाममधून निघणारं तिकीट हा व्हिएतनाम सोडल्याचा पुरावा झाला. फिलिपिन्स सोडल्याचा त्यात कुठे उल्लेख आहे? काउंटरवरचा माणूस एवढंच बघतो की या देशातून तू बाहेर कधी आणि कशाने पडणार. मधलं तिकीट हवंच.

कर्वेनगरची_आजी | मंगळवार, सकाळी ६:१२

मी चार वेळा अमेरिकेला जाऊन आले लेकीकडे. मला कधी कुणी तिकीट मागितलं नाही. काउंटरवरही नाही.

काउंटरच्या_पलीकडून | मंगळवार, सकाळी ९:०५

आजी, तुमच्याकडे व्हिसा होता, आणि परतीचंही तिकीट एकाच बुकिंगमध्ये असणार, ते आम्हाला न मागता दिसतं. अमेरिकेच्या बी-२ (पर्यटक) व्हिसावाल्याला परतीचं तिकीट पाहिजेच असा नियम नाही. तिथे उतरल्यावर अधिकारी विचारतो किती दिवस राहणार, आणि साधारण सहा महिन्यांची मुदत देतो. जिथे व्हिसाशिवाय किंवा पोचल्यावर व्हिसा मिळतो तिथे हा तिकिटाचा जाच जास्त असतो. कारण सरळ आहे. व्हिसा देताना कुणीतरी आधीच तुम्हाला पारखलेलं असतं. व्हिसा नसेल तर पारखायला तिकिटाशिवाय हातात दुसरं काय असतं?

कर्वेनगरची_आजी | मंगळवार, सकाळी ९:२०

हो, परतीचं होतं. जावई काढतात. पाच महिने अठ्ठावीस दिवसांचं, दर वेळी. मी त्याला म्हणते दोन दिवस कशाला शिल्लक ठेवलेस.

जुगाड_सम्राट | मंगळवार, सकाळी ११:४८

एवढं काय टेन्शन घेता राव. जुन्या तिकिटाची पीडीएफ घ्या, तारीख आणि शहर बदला, प्रिंट मारा. मी दोनदा केलंय. कुणी बघत नाही.

काउंटरच्या_पलीकडून | मंगळवार, दुपारी १२:१५

बघतात. मी बघायचे. पीएनआर सहा अक्षरांचा असतो, तो त्या कंपनीच्या साइटवर आडनावासकट टाकला की वीस सेकंदांत कळतं. तुमचं नशीब की दोन्ही वेळा मागे रांग मोठी होती.

आणि हे नुसतं 'तिकीट नाही' इतकं सोपं राहत नाही. तिकीट नसेल तर माणूस विमानात बसत नाही, घरी जातो. खोटा कागद दाखवला तर ती फसवणूक. परदेशातल्या अधिकाऱ्यापुढे दाखवला तर पुढच्या प्रत्येक व्हिसा अर्जावर 'तुम्हाला कधी प्रवेश नाकारला होता का' या रकान्यात 'हो' लिहायचं, आयुष्यभर.

जुगाड_सम्राट | मंगळवार, दुपारी १२:३१

बरं बरं. मग ते ऑनलाइन डमी तिकीट मिळतं दहा-पंधरा डॉलरला, ते पण खोटंच का?

तिकीटघर | मंगळवार, दुपारी ३:५०

यावर मी बोलतो, लक्ष्मी रोडला तीस वर्षं तिकिटं काढतोय. 'डमी' या एकाच शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात आणि गिऱ्हाइकं गोंधळतात.

एक म्हणजे जुगाडरावांची पीडीएफ. ती बनावट, विषय संपला.

दुसरं होल्ड. सीट खरी असते, पीएनआर खरा असतो, पैसे भरलेले नसतात. ठरावीक तासांनी आपोआप गळून पडतं. शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) व्हिसाच्या फाइलला आम्ही हेच लावतो, आणि त्यात गैर काही नाही, कारण व्हिसा मिळायच्या आधी तिकीट विकत घेऊ नका असं वकिलातीच सांगतात. पण व्हिसाच्या फाइलला लावायचा कागद वेगळा आणि काउंटरवर दाखवायचं तिकीट वेगळं, हे लोकांना कितीदा सांगितलं तरी उतरत नाही. होल्डला तिकीट नंबर नसतो. नेहमीच्या मोठ्या कंपन्यांचा ई-तिकीट नंबर तेरा आकडी असतो, पहिले तीन आकडे कंपनीचे. एअर इंडियाचं ०९८, सिंगापूर एअरलाइन्सचं ६१८, एमिरेट्सचं १७६. तो नंबर नसेल तर तुमच्याकडे तिकीट नाही, इच्छा आहे.

तिसरं, भाड्याचं तिकीट. ते लोक खरोखर काढून देतात, तुमच्या नावाने, एक-दोन दिवस जिवंत ठेवतात, मग रद्द करतात. काउंटरवर तपासलं तर खरंच दिसतं. पण मी गिऱ्हाइकाला देत नाही. का? तुमचं विमान सहा तास उशिरा सुटलं, मध्ये कनेक्शन चुकलं, एक रात्र क्वालालंपूरला काढावी लागली, की मनिलाला उतरेपर्यंत ते तिकीट मेलेलं असतं. आणि 'मी इथून अमुक तारखेला जाणार' असं जे तुम्ही सांगताय ते तुमच्याच मनात नाही, हेही आहेच.

माझं साधं मत: खरं तिकीट काढा. दोन रस्ते आहेत. पूर्ण परतावा मिळणारं महाग तिकीट काढा आणि नंतर रद्द करा. यात पैसे परत यायला कधी तीन-चार आठवडे लागतात, तेवढे दिवस कार्डावर अडकतात, आणि 'रिफंडेबल' आणि 'रद्द करता येतं' या दोन गोष्टी एक नाहीत हे भाड्याच्या अटीत वाचून घ्या. नाहीतर जवळच्या देशाचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढा आणि ते बुडाल्याचं दुःख करू नका. घराबाहेर पडायच्या आधी काढा, मात्र. वेताळटेकडींचं ४,८०० चं तिकीट आठ दिवस आधी साडेतीन हजारांत मिळालं असतं, आणि वडिलांची पार्किंगमधली धावपळ वाचली असती.

पेठेतला_पोपट | मंगळवार, दुपारी ४:०२

'तुमच्याकडे तिकीट नाही, इच्छा आहे.' दुकानाच्या पाटीवर लिहा हे. खाली 'दुपारी १ ते ४ बंद' असेलच.

तिकीटघर | मंगळवार, दुपारी ४:०५

३:५० ला उत्तर दिलंय, वेळ बघा.

मुळशीचा_वारा | मंगळवार, रात्री ८:२७

सगळे परदेशाच्या नियमाचं बोलताय, आमचं घोडं आपल्याच इमिग्रेशनला अडलं होतं, ते सांगतो.

चुलतभाऊ, वय ४१, पौडजवळ शेती आणि जेसीबीचा धंदा. शाळा आठवीपर्यंत. पाच मित्र मिळून थायलंडला निघाले. चौघांचं एकत्र बुकिंग, हा शेवटच्या क्षणी तयार झाला म्हणून याचं जाण्याचं वेगळं काढलं, येण्याचं 'नंतर बघू'. एजंटच्या माणसाने कुणाचाच पासपोर्ट नीट बघितला नाही. याच्या पासपोर्टवर ईसीआर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दहावी पास नसेल तर पासपोर्टवर साधारणपणे 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' असं येतं. नोकरीच्या नावाखाली लोकांना फसवून नेतात ते रोखायला हे आहे. ज्या देशांना जाताना हे लागू होतं अशा अठरा देशांची यादी आहे. सौदी, कुवेत, कतार, ओमान, दुबई वगैरे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच यादीत थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशियाही आहेत, हे फिरायला जाणाऱ्यांच्या डोक्यात नसतं. ईसीआरवाला फिरायला जात असेल तर परवाना लागत नाही, पण त्याने परतीचं तिकीट दाखवायला हवं. हा भारताचाच नियम आहे.

भावाला काउंटरने कसंबसं सोडलं, इमिग्रेशनच्या साहेबाने थांबवलं. "कशाला चाललाय?" "फिरायला." "परत कधी?" "पोरं येतील तेव्हा." हे उत्तर आमच्या गावात पूर्ण आणि बरोबर आहे. विमानतळावर नाही. मित्राने आत उभ्या उभ्या बाकी चौघांच्याच विमानाचं, त्यांच्याच तारखेचं परतीचं काढलं, तेव्हा सुटका. भाऊ अजून सांगतो, "जेसीबीचा हप्ता दाखवला असता तरी कळलं असतं त्याला, की मी परत येणार आहे."

अमृततुल्य | मंगळवार, रात्री ९:१०

@मुळशीचा_वारा, चांगली माहिती. भर घालतो: पन्नाशी ओलांडली की ईसीआर लागू राहत नाही, आणि दहावीचं प्रमाणपत्र असूनही जुन्या पासपोर्टवर ईसीआर राहून गेलं असेल तर नवीन करताना काढून घेता येतं. पासपोर्ट कार्यालयात आईचं करून घेतलंय.

सायकलस्वार_डेक्कन | बुधवार, सकाळी ७:४०

बस-बोटीचं तिकीट चालतं का, हे कुणी बोललंच नाही. माझा अनुभव: इंडोनेशिया. तिथे पोचल्यावर व्हिसा, पाच लाख रुपया (त्यांचा रुपया, घाबरू नका), तीस दिवस, एकदा वाढवून मिळतो, आणि परतीचं किंवा पुढचं तिकीट मागतात. मी बालीला उतरून जावा पार करत बाताम बेटावर जाणार होतो, तिथून सिंगापूरला फेरी. फेरीचं तिकीट आधीच ऑनलाइन काढलेलं, तारखेसकट, नावासकट. सिंगापूरचा व्हिसाही हातात.

मुंबईच्या काउंटरवरच्या मुलाने फेरीचं तिकीट असं उलटसुलट करून पाहिलं जणू सिंहगडावरच्या झुणका-भाकरीचं बिल आहे. मग फोन केला कुणालातरी. दहा मिनिटांनी चाललं. माझं मत, नियमात 'विमानाचंच' असं लिहिलेलं नसलं तरी काउंटरवरच्या माणसाला ओळखीचा वाटेल असा कागद हवा. सायकल मोडून खोक्यात भरलेली असताना वाद घालायची ताकद राहत नाही.

आणि एक. पुढच्या देशाचा व्हिसा लागत असेल तर तोही दाखवायची तयारी ठेवा. फेरीचं तिकीट आहे पण सिंगापूरचा व्हिसा नाही, तर ते तिकीट कशाचा पुरावा?

वेताळटेकडी | बुधवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे आभार. धागा बहिणीला पाठवला. 'काउंटरच्या पलीकडून' यांचं वाक्य तिला पटलं (माझं तेच वाक्य तीन दिवस पटत नव्हतं). व्हिएतनामचा ई-व्हिसा काढून झालाय. आता मनिला–हनोई काढतेय. २१ तारखेचं साडेसात हजाराला मिळतंय, सामानासकट. ५ ला पोचणार, २१ ला निघणार.

हिशेबनीस | बुधवार, रात्री ९:३४

थांबवा तिला!!

५ ते २१ म्हणजे सतरा दिवस. भारतीयांना फिलिपिन्सने जून २०२५ पासून व्हिसाविना जो प्रवेश दिलाय तो चौदा दिवसांचा आहे, आणि तो तिथे वाढवून मिळत नाही. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन, सिंगापूर किंवा यूके यांपैकी कुणाचा चालू व्हिसा असेल तर तीस दिवस. आहे का तिच्याकडे?

तिकीट असणं पुरेसं नाही, ते मुदतीच्या आतलं असायला हवं. सतराव्या दिवसाचं तिकीट दाखवणं म्हणजे 'मी तीन दिवस बेकायदा राहणार आहे' हे पैसे भरून लिहून देणं.

वेताळटेकडी | बुधवार, रात्री ९:४१

फोन केला. पेमेंटच्या पानावर होती. ओटीपी आला होता, टाकला नव्हता. कुठलाच दुसरा व्हिसा नाही. बोहोलचं हॉटेल मात्र १९ पर्यंत बुक केलंय.

पेठेतला_पोपट | बुधवार, रात्री ९:४३

ओटीपी कुणाच्या फोनवर?

वेताळटेकडी | बुधवार, रात्री ९:४४

तिच्याच. घरात मी एकटाच तसा आहे.

हिशेबनीस | बुधवार, रात्री १०:०५

मग दोनच मार्ग. एक, आधीच त्यांच्या वकिलातीतून टुरिस्ट व्हिसा. पण आता तेवढे दिवस नाहीत. दुसरा, फिलिपिन्स आखडतं घ्या आणि उरलेले दिवस व्हिएतनामला जोडा. व्हिएतनामचा ई-व्हिसा नव्वद दिवसांपर्यंत मिळतो, पण तिच्या व्हिसावर 'पासून' तारीख काय पडलीय ते बघा. २१ पासूनचा घेतला असेल आणि १७ ला पोचली तर तिथे अडेल.

पोचल्याचा दिवस धरतात का नाही यावर कृपया वाद घालू नका. धरतात असं समजून चौदावा दिवस १८ येतो, तुम्ही १७ चं काढा. आणि मध्यरात्रीनंतरची स्वस्त विमानं टाळा. १९ तारखेला पहाटे १२:४० चं तिकीट बघून लोक 'अठराच्या रात्री निघतोय की' म्हणतात, पण कागदावर १९ असतं. काउंटरवाला रात्र बघत नाही, तारीख बघतो.

काउंटरच्या_पलीकडून | बुधवार, रात्री १०:२२

हिशेबनीस, आमच्या ट्रेनिंगला तुम्हीच यायला हवे होतात. मध्यरात्रीच्या विमानावरून महिन्याला एक तरी रडारड बघितलीये. उलटंही होतं, लोक एक दिवस उशिरा विमानतळावर येतात.

तिला सांगा, तिकिटाची छापील प्रत जवळ ठेव. फोनवर असतंच, पण रात्री एक वाजता रोमिंग चालू व्हायचं असतं आणि बॅटरी ९ टक्के असते. हॉटेलचं बुकिंग आणि बँकेचं स्टेटमेंटही, फिलिपिन्सला दोन्ही विचारू शकतात. आणि त्यांची ई-ट्रॅव्हल नोंदणी, पोचायच्या आधी ७२ तासांत करायची, क्यूआर कोड येतो. फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे.

अमृततुल्य | बुधवार, रात्री १०:४०

थायलंडचंही तसंच. मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड, पोचायच्या आधी तीन दिवसांत, फुकट. माझ्या मेहुण्याने कुठल्यातरी साइटवर चौघांचे सहा हजार भरले. कार्ड मिळालं, तेच फुकटातलं.

धागा_राखणदार | गुरुवार, सकाळी १०:००

संपादक मंडळातर्फे: पीडीएफमध्ये तारीख कशी बदलायची हे विचारणारे दोन प्रतिसाद उडवले आहेत. नियम बदलत राहतात, निघायच्या आठवड्यात आयाटाच्या ट्रॅव्हल सेंटरवर आणि त्या देशाच्या वकिलातीच्या साइटवर स्वतः बघावं. चर्चा चालू द्या.

कर्वेनगरची_आजी | गुरुवार, सकाळी १०:१८

त्या मुलीला सांगा एकटी जातेयस तर पोचल्यावर घरी फोन कर. तिकीट वगैरे होईल.

वेताळटेकडी | पुढच्या महिन्यातली ६ तारीख, दुपारी १:१५

अपडेट. पोचली. (आजी, फोन केला तिने.)

१७ दुपारचं मनिला–हनोई काढलं, ८,१०० पडले. व्हिएतनामचा व्हिसा नशिबाने १५ पासूनचा होता, फॉर्म भरताना अंदाजाने टाकलेली तारीख. बोहोलच्या हॉटेलने दोन रात्री फुकट कमी करून दिल्या.

मुंबईच्या काउंटरवर पहिलाच प्रश्न: "ऑनवर्ड?" तिने फाइल पुढे केली. फाइल म्हणजे मामींनी दिलेली, लग्नाच्या आहेराची यादी ठेवतात तसली प्लास्टिकची, बटणवाली. त्या माणसाने मनिला–हनोई काढून घेतलं, पीएनआर टाकला, मग बोटं मोजली. ती म्हणते खरंच बोटं मोजली, अंगठ्याने पेरांवर, आपली आजी जप करायची तशी. मग म्हणाला ओके.

मनिलाला अधिकारी बाईंनी तिकीट पाहिलं, बोहोलचं बुकिंग पाहिलं, विचारलं एकटी का, काय काम करतेस, आणि शिक्का मारून त्यावर पेनने मुदतीची तारीख लिहिली. १८.

हिशेबनीस | ६ तारीख, दुपारी १:१९

म्हणजे पोचल्याचा दिवस धरला.

वेताळटेकडी | ६ तारीख, दुपारी १:२४

धरला. जाताना ती बाबांच्या शेजारी बसून गेली विमानतळापर्यंत, तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "सगळी तिकिटं काढलीस ना? मी चष्मा घेऊनच आलोय."